शंभरात बहात्तर : मेंदूतल्या रक्तस्रावाचं एक प्रकरण

रुग्ण ६१ वर्षांचे, एस.टी.तून निवृत्त झालेले कंडक्टर. गाव सातारा जिल्ह्यात, महामार्गापासून जरा आत. घरचे त्यांना तात्या म्हणतात, मीही इथे तात्याच म्हणतो. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत आणि लिहायला घरच्यांची संमती आहे. मी फिजिशियन, मेंदूचा तज्ज्ञ नव्हे. आमच्याकडे सीटी स्कॅन आहे, छोटा आयसीयू आहे, न्यूरोसर्जन फोनवर भेटतात आणि गरज पडली तर गाडी काढून येतात. जिल्ह्याच्या ठिकाणाबाहेर असलेल्या बऱ्याच हॉस्पिटलांचं चित्र हेच असतं. या प्रकरणात एक चूक माझी आहे. ती लिहायची होती म्हणूनच हा सगळा प्रपंच.

तात्यांचं बीपी नोकरीत असतानाच खात्याच्या तपासणीत सापडलं होतं. गोळी सुरू झाली, निवृत्तीनंतरही वर्ष-दीड वर्ष ती चालली. मग गावात एक आरोग्य शिबिर झालं, तिथं बीपी १२८/८० आलं. तात्या घरी येऊन म्हणाले, "नॉर्मल झालंय की आता, कशाला खायची गोळी?" हे वाक्य मी ओपीडीत आठवड्यातून चार वेळा ऐकतो. गोळीमुळे नॉर्मल आलेलं बीपी पाहून गोळी बंद करणं म्हणजे छत्रीखाली अंग भिजत नाही म्हणून छत्री मिटणं. पुढची तीन वर्षं त्यांनी बीपी मोजलंच नाही. काही दुखत नव्हतं, मग मोजणार कशाला?

त्या तीन वर्षांत आत काय झालं असेल, ते आमच्या ऊसपट्ट्यातल्या माणसाला ठिबकच्या भाषेत चटकन कळतं. मेन लाइनचा सगळा दाब मध्ये काही न लावता बारीक नळीवर सोडला, तर पहिल्या दिवशी नळी फुटत नाही. हंगामामागून हंगाम ती आतून चिरत जाते. मेंदूच्या खोल भागात मोठ्या धमनीतून केसासारख्या धमन्या जवळजवळ काटकोनात फुटतात. मोठीतला दाब त्यांच्या थेट अंगावर येतो, त्यांची भिंत हळूहळू जीर्ण होते आणि एके दिवशी फाटते. त्याच भागातून हातापायांकडे जाणारे मज्जातंतू दाटीनं खाली उतरतात. म्हणून रक्त चमचा-दोन चमचे सांडलं तरी अर्धं अंग जातं.

पहिले तीन तास

नोव्हेंबरातली संध्याकाळ, पावणेसातचा सुमार. तात्या पारावर चहा पीत बसले होते. कप उजव्या हातातून निसटला. शेजारच्यांना वाटलं, गरम लागला असेल. तात्या काहीतरी बोलले, ते कुणाला कळलं नाही. मग डाव्या हातानं डोकं धरलं आणि उलटी झाली.

पारावर जितकी माणसं तितकी निदानं. कुणी म्हणालं पित्त खवळलं, कुणी कांदा फोडून नाकाला लावला. एक म्हातारा मात्र बरोबर बोलला, "अंगावरनं वारं गेलंय, बघताय काय?" गावातल्या डॉक्टरांनी बीपी पाहिलं, वरचं २२० होतं. हार्टअटॅकला देतात तशी ॲस्पिरिनची गोळी दिली आणि मोठ्या दवाखान्यात न्यायला सांगितलं. न्यायला सांगितलं हे उत्तम. गोळी द्यायला नको होती. मेंदूची नस बंद झाली आहे की फुटली आहे, हे बाहेरून पाहून कुणालाच ठामपणे सांगता येत नाही, मला नाही आणि मोठ्या शहरातल्या प्राध्यापकालाही नाही. सीटी स्कॅन होईपर्यंत रक्त पातळ करणारं काहीही देऊ नये आणि तोंडावाटे तर काहीच देऊ नये. १०८ कुणाला सुचली नाही. शेजाऱ्याच्या जीपमधून तात्या आमच्याकडे पोचले तेव्हा रात्रीचे नऊ पन्नास झाले होते.

बीपी २१४/११८. साखर १८८. उजवा हात आणि उजवा पाय लुळा, चेहऱ्याची उजवी बाजू ओघळलेली. हाक मारली की डोळे उघडत, पण बोलण्याच्या नावाखाली नुसते हुंकार. चिमटा काढला की डावा हात बरोबर तिथं यायचा. शुद्ध मोजायच्या आमच्या गुणपत्रिकेत, जिला ग्लासगो स्केल म्हणतात, डोळ्यांचे ३, बोलण्याचे २, हालचालीचे ५, असे १५ पैकी १० गुण झाले.

सीटीत डाव्या बाजूला खोलवर पांढरी शुभ्र गाठ. ताजं रक्त सीटीत पांढरंच दिसतं. गाठीचं माप काढायची रीत किराणा दुकानदाराच्या हिशेबासारखी सोपी : लांबी, रुंदी, खोली सेंटिमीटरमध्ये घ्यायची, तिघांचा गुणाकार करायचा आणि निम्मा धरायचा. ४.८ गुणिले ३.६ गुणिले ४, भागिले २. साधारण ३५ मिलिलिटर, म्हणजे चहाचा अर्धा कटिंगसुद्धा नाही. थोडं रक्त मेंदूतल्या पाण्याच्या पोकळीतही उतरलं होतं.

मेंदूतला रक्तस्राव एका झटक्यात होऊन थांबतो, असं बहुतेकांना वाटतं. तसं नसतं. साधारण तीनातल्या एका रुग्णात गाठ पुढच्या काही तासांत आणखी वाढते, आणि गाठ जितकी मोठी तितका धोका मोठा. म्हणून पहिलं काम बीपी उतरवणं. लॅबेटॅलॉलचं इंजेक्शन आणि मग ड्रिप लावून तासाभरात वरचं बीपी १४०च्या आसपास आणलं. साखर आवरली, ताप येऊ नये यावर लक्ष ठेवलं, डोक्याकडची बाजू उचलून ठेवली. यात चमत्कार काही नाही. पण २०२३ साली सात हजारांहून जास्त रुग्णांवरची एक मोठी आंतरराष्ट्रीय चाचणी प्रसिद्ध झाली, तिच्यात भारतातली रुग्णालयंही होती. बीपी, साखर, ताप आणि रक्त पातळ करणाऱ्या औषधांचा उतारा, एवढी चार साधी कामं पहिल्या तासांतच एकत्र आणि नेमानं केली, तर रुग्णांची अवस्था सुधारते, असं तिच्यात दिसलं. ही चारही कामं तालुक्याच्या गावी होऊ शकतात.

ॲस्पिरिन पोटात गेली होती म्हणून आमच्या ज्युनिअरनं विचारलं, "सर, प्लेटलेट लावायच्या का?" प्लेटलेट म्हणजे रक्त गोठायला मदत करणाऱ्या पेशी, ॲस्पिरिन त्यांनाच निकामी करते. ऐकायला तर्काला धरून वाटतं. पण २०१६च्या एका चाचणीत प्लेटलेट दिलेल्यांची गत न दिलेल्यांपेक्षा वाईटच झाली. लावल्या नाहीत.

नातेवाइकांचा प्रश्न दुसराच होता. "ऑपरेशन करून गाठ काढून टाकता येत नाही का?" फोनवर न्यूरोसर्जनशी बोललो, स्कॅन त्यांना व्हॉट्सॲपवर पाठवला. गाठ खोल आहे, तिथवर पोचायला चांगला मेंदू चिरत जावं लागेल, रुग्ण हाकेला डोळे उघडतोय. थांबू, असं ठरलं. २००५ मध्ये १,०३३ रुग्णांची तुलना झाली होती, घाईनं ऑपरेशन विरुद्ध थांबून पाहणं. एकूणात दोन्हीकडचा निकाल सारखाच निघाला. बारीक नळी घालून रक्त शोषून घ्यायच्या नव्या पद्धतीचा निकाल २०२४ साली चांगला आला, पण तो फायदा मुख्यत्वे मेंदूच्या पृष्ठभागाजवळच्या गाठींना होता. तात्यांची गाठ तळाशी होती. लहान मेंदूत रक्तस्राव झाला असता तर हिशेब वेगळा होता, तिथं गाठ मोठी असली की ऑपरेशन पुढे ढकलायचं नसतं.

मी काय बोललो

रात्री साडेअकराला तात्यांच्या पत्नी, धाकटा मुलगा आणि दोन भावकीतले माझ्या टेबलासमोर उभे. बसा म्हटलं तरी बसेनात. काकूंनी विचारलं, "डॉक्टरसाहेब, उठतील का हो हे?"

मी मनात गुण मांडले होते. या आजाराचा एक प्रचलित तक्ता आहे, पाच प्रश्नांचा. शुद्धीचे गुण किती, गाठ ३० मिलिलिटरच्या पुढे आहे का, पोकळीत रक्त उतरलंय का, रक्तस्राव मेंदूच्या खालच्या भागात आहे का, वय ८०च्या पुढे आहे का. तात्यांना पहिल्या तिन्हींचा एकेक गुण, एकूण ३. तीन गुणांना महिनाभरात मृत्यूचं प्रमाण ७२ टक्के. मी म्हणालो, "अवघड आहे. अशा शंभरात बहात्तर जातात. कुणाला बोलवायचं असेल तर बोलावून घ्या."

मला वाटलं, मी प्रामाणिकपणे बोललो. खोटी आशा दाखवली नाही, लपवाछपवी केली नाही. तोवर बारा वर्षं मी अशीच वाक्यं बोलत आलो होतो.

फोन गेले. रात्री दोनपर्यंत हॉस्पिटलच्या आवारात दोन जीप आणि एक टेम्पो उभा राहिला. तात्यांची थोरली बहीण, आक्का, पंचाहत्तरीच्या पुढची, नऊवारीतली, तांब्याचा हातातल्या हातात मावेल एवढा गडू पदराखाली घेऊन आली. कुणीतरी काशीहून आणलेलं गंगाजल त्यात होतं, वर तुळशीचं पान. 'कुणाला बोलवायचं असेल तर बोलवा' या वाक्याचा आपल्याकडे एकच अर्थ होतो. भावाच्या तोंडात शेवटचं पाणी बहिणीनं घालायचं, तेवढ्यासाठी ती रात्री चाळीस किलोमीटर आली होती. सिस्टरला तिला अडवायचा धीर झाला नाही. मलाही झाला नसता.

चमचाभरच पाणी. तात्यांना ठसका बसला. डोळे विस्फारले, चेहरा काळानिळा पडला, मॉनिटरवरचा ऑक्सिजन ९६ वरून ८१ वर आला. सक्शन लावलं, मास्क लावला, वीस मिनिटांत आकडे सावरले. घशाचे स्नायू लुळे पडलेल्या माणसाला पातळ पाणी गिळता येत नाही, ते श्वासनळीत जातं. दुसऱ्या दिवशी ताप. तिसऱ्या दिवशी एक्स-रेत उजव्या फुप्फुसाच्या तळाशी न्यूमोनिया दिसला, धाप वाढली, संध्याकाळी व्हेंटिलेटर लावावा लागला. न्यूमोनिया एरवीही झाला असता का? झालाही असता, या आजारात होतोच. पण त्या रात्रीचा ठसका मी डोळ्यांनी पाहिला होता आणि तो चमचा माझ्या वाक्यामुळे तिथं आला होता.

सॅम्पल किती होतं?

व्हेंटिलेटर लागला की आपल्याकडे घरात एक बैठक बसते. "मशिनवर ठेवलंय म्हणजे आता काय उरलंय", "हाल करू नका म्हाताऱ्याचे", "पैसा जाईल आणि माणूसही जाईल". यातलं शेवटचं वाक्य टाकून देण्यासारखं नसतं. महात्मा फुले योजनेत काही खर्च बसतो, सगळा बसत नाही. तात्यांच्या घरी दुभती म्हैस विकायचं बोलणं सुरू झालं होतं. भावकीतल्या एकानं मला बाजूला घेऊन विचारलं, "सही करून नेलं तर वाटेत काही होणार नाही ना? घरी पोचेपर्यंत?"

थोरला मुलगा चाकणला गाड्यांचे भाग बनवणाऱ्या कंपनीत क्वालिटीत आहे. त्या रात्री तो एकटाच माझ्या केबिनमध्ये आला.

"साहेब, तुम्ही बहात्तर टक्के म्हणालात. सॅम्पल किती होतं?"

मला प्रश्नच कळला नाही.

"म्हणजे किती पेशंट बघून काढलंय ते बहात्तर? आमच्याकडे चार पीस बघून लॉट रिजेक्ट केला तर झापतात. आणि त्या पेशंटांना सगळी ट्रीटमेंट दिलेली का? का आमच्यासारखं कुणी घरी नेलेलं पण त्यात धरलंय?"

मी म्हणालो, बघून सांगतो. खरं तर मला माहीत असायला हवं होतं. रात्री घरी जाऊन मूळ अभ्यास काढून वाचला. २००१ सालचा, अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोचा, १५२ रुग्णांचा. तीन गुण मिळालेले त्यात ३२ होते. २३ गेले, ९ वाचले. बारा वर्षं मी जो आकडा दगडावरची रेघ असल्यासारखा सांगत होतो, त्याच्यामागे बत्तीस माणसं होती, एका मिनी बसमध्ये बसतील इतकी. पुढे अनेक देशांत तो तक्ता तपासला गेला आणि ढोबळ क्रम टिकला, गुण जास्त तितका धोका जास्त. हे त्याच्या बाजूनं सांगायलाच हवं. पण क्रम टिकणं निराळं आणि समोरच्या माणसाच्या गळ्यात आकडा बांधणं निराळं.

मुलाच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर जास्त झोंबलं. त्याच २००१ साली सिएटलच्या डॉक्टरांनी दाखवलं होतं की मेंदूतल्या रक्तस्रावात रुग्ण जगेल की नाही हे ठरवण्यात सगळ्यात मोठा वाटा एकाच गोष्टीचा होता : उपचार पूर्ण चालू ठेवले की आवरते घेतले. म्हणजे डॉक्टर म्हणतो वाचणार नाही, मग उपचार आखडतात, मग रुग्ण जातो, मग तो आकड्यात मोजला जातो आणि पुढचा डॉक्टर तो आकडा पाहून म्हणतो वाचणार नाही. २०१५च्या एका छोट्या अभ्यासात उलटं करून पाहिलं होतं. १०९ रुग्णांना निदान पाच दिवस काहीही हात आखडता न घेता उपचार दिले. तक्त्याप्रमाणे निम्मे जायला हवे होते, प्रत्यक्षात महिन्याभरात साधारण वीस टक्के गेले. अमेरिकेच्या २०२२च्या मार्गदर्शक सूचनांत म्हणूनच लिहिलंय की उपचार मर्यादित करायचा नवा निर्णय दाखल झाल्यानंतरच्या दुसऱ्या पूर्ण दिवसापर्यंत तरी घेऊ नये. रुग्णाची स्वतःची आधीपासूनची इच्छा असेल तर गोष्ट वेगळी.

आणखी एक गोष्ट त्या रात्री लक्षात आली आणि मी स्वतःवरच चरफडलो. तात्यांना बोलण्याचे २ गुण दिले होते, कारण रक्तस्राव डाव्या बाजूला होता आणि भाषेच्या वाटा तिथंच दबल्या होत्या. त्यांना बोलता येत नव्हतं म्हणजे शुद्ध तेवढी हरपली होती असं नाही. बोलण्याचे पूर्ण ५ धरले असते तर एकूण १३ झाले असते, तक्त्यात त्याला शून्य मिळतं, तात्यांचा स्कोअर ३ऐवजी २ आणि टक्केवारी ७२ऐवजी २६. एका मुक्या जिभेनं आकडा जवळजवळ तिप्पट केला होता.

सकाळी मुलाला हे सगळं जसंच्या तसं सांगितलं. चुकीसकट. तो म्हणाला, "मग पाच दिवस बघू. पाच दिवसांनी परत बसू." म्हैस विकली.

त्याच वॉर्डातला दुसरा

इथं एक सांगितलं नाही तर चित्र खोटं होईल. त्याच महिन्यात आमच्याकडे तीनच गुणांचे आणखी एक गृहस्थ होते, ५५ वर्षांचे. सगळं केलं, कुणी घरी न्यायचं नावही काढलं नाही. चौथ्या दिवशी सूज वाढून गेले. या आजारात पहिल्या महिन्यात साधारण शंभरातले चाळीस जातात आणि त्यातले निम्म्याच्या आसपास पहिल्या दोन दिवसांतच. पुन्हा स्वतःचं स्वतः करू शकणारे वेगवेगळ्या पाहण्यांत बारापासून एकोणचाळीस टक्क्यांपर्यंतच भरतात. थांबून पाहिलं की सगळे वाचतात, असं माझं म्हणणं नाही.

तात्यांचं पुढे

सहा तासांनी केलेल्या दुसऱ्या सीटीत गाठ ३८ झाली होती, त्यापुढे वाढली नाही. पाचव्या-सहाव्या दिवशी सूज सगळ्यात त्रासदायक होती, तेव्हा सूज उतरवणारं मॅनिटॉल चालू होतं. सातव्या दिवशी काकूंनी हात धरला तर तात्यांनी डाव्या हातानं तो दाबला. नवव्या दिवशी व्हेंटिलेटर निघाला. एकोणिसाव्या दिवशी घरी, नाकात नळी, लघवीची पिशवी, उजवी बाजू लुळी. अपंगत्व मोजायची शून्य ते सहाची पट्टी असते, शून्य म्हणजे ठणठणीत, सहा म्हणजे मृत्यू. तात्या पाचवर होते. महिन्याच्या शेवटीही पाचवरच.

नेमका इथं बहुतेक घरांचा धीर सुटतो आणि आम्हा डॉक्टरांचाही. 'आता असंच राहायचं.' वस्तुस्थिती अशी की रक्तस्रावाचा रुग्ण उशिरा उठतो. बंद नसेच्या आजारात मेंदूचा भाग रक्ताविना मरतो. इथं काही तंतू तुटतात आणि बरेचसे गाठीखाली, सुजेखाली नुसते चेपलेले असतात. गाठ विरघळायला आठवडे लागतात, मग चेपलेलं हळूहळू मोकळं होतं. दोन मोठ्या चाचण्यांतल्या रुग्णांचा पुढे पाठपुरावा झाला, तेव्हा महिन्याअखेरी चार-पाचवर असलेल्यांतले चाळीस टक्क्यांहून जास्त वर्षभरात तीन किंवा त्याहून चांगल्या पातळीवर आले होते. तीन म्हणजे थोडी मदत लागते, पण आपल्या पायानं चालतो. ते चाचणीसाठी निवडलेले रुग्ण होते, त्यामुळे आकडा जरा हात राखूनच धरावा.

घरी काय केलं? महागडं काहीच नाही. दर दोन तासांनी कूस बदलणं, पाण्याची गादी, बसवून भरवणं. फिजिओथेरपिस्ट आठवड्यातून दोनदा यायचा, बाकीचे दिवस धाकटा मुलगा. पहिल्याच आठवड्यात एक चूक होता होता वाचली. भावकीतला एकजण तात्यांना उठवताना लुळा हात धरून ओढत होता. लुळ्या खांद्याला स्नायूंचा आधार नसतो, सांधा निखळतो आणि मग महिनोन् महिने दुखतो. फिजिओनं काकूंना पट्टा कमरेला बांधून उठवायला शिकवलं. कुणीतरी कबुतराच्या रक्ताचं मालिश सुचवलं होतं, आमच्या भागात लकव्यावर हा उपाय अजून चालतो. आक्कांनीच त्याला पिटाळलं.

घरच्यांनाच व्यायाम शिकवून रुग्ण लवकर सुधारतो का, याची चाचणी भारतातच झालीय, १४ रुग्णालयं, १,२५० रुग्ण, निकाल २०१७ सालचा. सहा महिन्यांनी फरक काहीच दिसला नाही. वाचून मी खट्टू झालो होतो. तरी घरच्यांना शिकवतो, कारण खांदा निखळू न देणं, पाठीला जखम होऊ न देणं, ठसका न लागू देणं ही कामं दिवसाचे चोवीस तास चालतात आणि तितका वेळ घरच्यांखेरीज कुणाकडे असतो?

बोलणं परत आलं ते विचित्र वाटेनं. सहा आठवडे तात्या फक्त "ते… ते…" म्हणायचे. पाणी हवं असलं तरी 'ते', काकूंना हाक मारायची असली तरी 'ते'. फेरतपासणीला येताना जीप उंब्रजच्या फाट्यावर थांबली. मागच्या सीटवरून स्पष्ट, खणखणीत, गाडीतल्या शेवटच्या बाकापर्यंत पोचेल असा आवाज आला : "उंब्रज, काशीळ, अतीत, नागठाणे, साताराऽऽ!" जीप चालवणाऱ्यानं ब्रेक दाबला. काकू रडायलाच लागल्या. मुलानं विचारलं, "तात्या, ही कोण?" पुन्हा "ते… ते…".

यात गूढ काही नाही. पाठ झालेल्या मालिका, आकडे, वार, शिव्या, "राम कृष्ण हरी", हे सगळं भाषेच्या मुख्य वाटेला वळसा घालून येऊ शकतं. हेलकाव्यात म्हटलेले शब्द तर मेंदूच्या उजव्या बाजूच्या आधारानंही निघतात. मिरजेच्या वाचाउपचारतज्ज्ञ ताईंनी तोच धागा पकडला. थांबे पुकारायचा तात्यांचा तो हेल घेऊन त्यात "चहा पाहिजेऽऽ" बसवलं. आधी दोघांनी मिळून, मग तात्यांनी एकट्यानं, मग हेल हळूहळू कमी करत. आज तात्यांकडे पन्नासेक शब्द आहेत आणि दोन-तीन शब्दांची वाक्यं. काकूंचं नाव आठव्या महिन्यात आलं.

चौथ्या महिन्यात एक खड्डा आला. व्यायामाला नकार, जेवणाला नकार, कुणी भेटायला आलं की रडणं. काकू म्हणाल्या, "हसायच्या जागी रडत्यात हो हे." काही रडणं मेंदूच्या इजेचं असतं, त्यात दुःख असेलच असं नाही, काही मात्र खरंच दुःख असतं. तात्यांच्यात दोन्ही होतं. औषध दिलं, दोन महिन्यांत सावरले. हा खड्डा बऱ्याच रुग्णांच्या वाट्याला येतो आणि मी त्यांना आधी सांगितलं नव्हतं.

वर्षाअखेरी पट्टीवर तीन. तीन पायांची काठी, पावलाला प्लॅस्टिकचा आधार, अंगणातून पारापर्यंत स्वतः जातात. उजवा हात मात्र आला नाही. मुलानं जुनं तिकीट पंच करायचं यंत्र कुठूनतरी पैदा करून व्यायामासाठी हातात दिलं. तात्या ते दाबतात, कच्चकन दाबलं जातं, सोडता येत नाही. मिटणारे स्नायू ताठरलेत, उघडणारे अजून झोपलेत. डाव्या हातानं एकेक बोट सोडवून घेतात आणि पुन्हा दाबतात. शर्टाची बटणं काकू लावतात. काकू वीस महिन्यांत एकदाही माहेरी गेलेल्या नाहीत. 'तीन' हा आकडा कागदावर ठेवताना मला हे दोन्ही दिसत असतं.

आता बीपीच्या दोन गोळ्या चालू आहेत, लक्ष्य १३०/८०च्या खाली. एकदा फुटलेल्या माणसात पुन्हा फुटायचा धोका असतो आणि तो कमी करायचा सगळ्यात भरवशाचा उपाय हाच. थोरल्या मुलानं कंपनीतल्या चेकशीटसारखी वही आखलीय, तारीख, सकाळ, संध्याकाळ, सही. गेल्या खेपेला १२८/७८ होतं. शिबिरातल्या त्या आकड्याच्या इतकं जवळ, की मी वही परत देताना दोन्ही गोळ्यांची नावं पुन्हा एकदा मोठ्यानं वाचली.

पहिल्या रात्री मी हल्ली वेगळं बोलतो. "आजार मोठा आहे. जीव जाऊ शकतो. आज रात्री मी आकडा सांगणार नाही, कारण आज तो चुकायची शक्यता जास्त आहे. दोन दिवस सगळं करू, मग बसू. आणि तोंडात काहीही घालू नका, तीर्थसुद्धा. कपाळाला लावा." हे वाक्य आयसीयूच्या दारावर मराठीत लिहूनही लावलंय.

आक्का या वर्षी तात्यांना घेऊन आल्या होत्या. ओपीडीतल्या बाकावर बसलेल्या एका घाबरलेल्या बाईला त्या सांगत होत्या, "माझा भाऊ असाच पडलेला. डॉक्टरांनी आशा सोडली होती. मी गंगाजल पाजलं, तवा वाचला." मी दारातच होतो. त्यांनी माझ्याकडे पाहून साक्षीसाठी मान हलवली. त्या बाईंना मी आत घेतलं आणि ठसक्याचं समजावून सांगितलं. आक्कांना अजून काही सांगितलेलं नाही.